तिशीच्या आतली माणसं

आमच्या वहिनींच्या मोठ्या बहिणीनं नागपुरातल्या जितक्या तरुण पुरुषांच्या कमरेला हात घातला असेल, तितक्यांकडे या शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही अविवाहित बाईनं मान वर करून पाहिलंही नसेल. आणि तरीही त्यांच्या चारित्र्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. काढायची सोयच नव्हती. समोरच्याच्या कमरेभोवती शिंप्याचा टेप टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर बाजारात दुधी भोपळा निवडणाऱ्या बाईचा भाव असे. टेप बेंबीवरून गेला की त्या म्हणत, "श्वास सोड. पोट आत ओढू नको. मला फसवून तुला काही मिळणार नाही." भलेभले दांडगे तरुण त्या वाक्यासरशी सैल पडत, आणि आत ओढलेलं पोट एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखं हळूहळू बाहेर येई.

त्या रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डॉक्टर होत्या आणि तिथंच जवळ दोन खोल्यांत एकट्या राहत. अंगानं काडीसारख्या, रंगानं सावळ्या, पांढरी सुती साडी, हातात घड्याळ. त्यांना सगळे ताई म्हणत. माझे बाबा त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते, तेही ताईच म्हणत. दर रविवारी त्या सायकलरिक्षानं सक्करदऱ्याला आमच्या घरी येत. मांडीवर गोणपाटाची पिशवी असे आणि पिशवीत वजनकाटा. लोक बहिणीकडे जाताना पेढे नेतात, संत्री नेतात. ताई काटा आणत, आणि तो उंबऱ्याच्या आत अशा जागी ठेवत की घरात येणाऱ्या माणसाला त्यावर पाय दिल्याशिवाय पुढं सरकता येऊ नये. पोस्टमन एकदा मनीऑर्डर घेऊन आला, तो आधी वजन करून घेऊनच परत गेला. आठवड्यानं त्यानं रस्त्यात मला थांबवून विचारलं की त्याचं जे निघालं ते चांगलं की वाईट.

ताईंना हवी असत ती वीस ते तीस वयाची माणसं. त्यांचा अभ्यास त्यावर होता. तरुण माणसांचं वजन, पोटाचा घेर, रक्तदाब आणि रक्तातली साखर मोजायची आणि म्हातारपणीचे म्हणून जे रोग समजले जातात, मधुमेह काय किंवा हृदयविकार काय, ते तरुणपणीच कुठं डोकं वर काढतात ते पाहायचं. तिशी उलटलेल्या माणसाचं त्यांना काडीचं कौतुक नसे. माझ्या मोठ्या भावावर त्यांचा फार जीव होता. त्याच्या तब्येतीची त्या बारीक चौकशी करत, त्याच्या ताटातलं तेल डोळ्यांनी मोजत. तो तीस वर्षांचा झाला त्या रविवारी त्यानं सवयीनं शर्ट वर केला, तेव्हा ताई म्हणाल्या, "राहू दे. तुझं वय झालं." दादा कितीतरी वेळ तसाच शर्ट धरून उभा होता. वहिनींनाही हा फटका वर्षभरानं बसलाच. सख्खी बहीण असून ब्लडप्रेशर पाहत नाही म्हणून त्या रुसल्या, तर ताईंनी त्यांना दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरचा वार आणि वेळ सांगितली.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. एका लग्नात एक सुटाबुटातला इसम त्यांना वाकून नमस्कार करता झाला, "ताई, ओळखलं नाही का?" म्हणाला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. ताई त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं पाहत राहिल्या. शेवटी त्यानं कोटाचं बटण सोडलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तू. वाढलास की," त्या म्हणाल्या आणि तिथंच उभ्या उभ्या त्याच्या आईची, बहिणीची, नोकरीची विचारपूस केली. लग्नाच्या पंगतीत त्या वाढपी उभे राहतात तशा कडेला उभ्या राहत आणि तरुणांच्या रांगेवरून एक नजर फिरवत. त्या नजरेखाली जिलबीचा दुसरा वेढा मागायची कुणाची हिंमत होत नसे. वधूपिते त्यांना आग्रहानं बोलवत असत. त्यामागं हेही एक कारण असावं असा माझा कयास आहे. स्वतः ताई मात्र सगळं खात. सावजीचं जाळ रस्शाचं मटण समोर आलं की त्यांचं बोलणं बंद व्हायचं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि हात थांबायचा नाही. कुणी टोकलं तर शांतपणे सांगत, "मी अभ्यासात नाही. माझं वय केव्हाच निघून गेलं."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या दवाखान्यात एक तरुण कारकून आणला होता. सकाळी जेवून ऑफिसला निघाला, जिन्यात छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. अंगानं भरलेला, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची आई रडत नव्हती. ती ताईंना म्हणाली, "बाई, हा तं म्हाताऱ्यायचा रोग आहे ना? मंग माह्या पोराले कसा झाला?" ताईंनी पुस्तकं काढली, तर पुस्तकांत परदेशातली म्हातारी माणसं होती. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, एखाद्याचं नशीब. त्या म्हणाल्या, "मला नशीब मोजता येत नाही. म्हणून जे मोजता येतं ते मोजायला घेतलं."

आमच्या घरात या अभ्यासाला पहिला विरोध झाला तो माझ्या पोटावरून. मी तेव्हा सरकारी कचेरीत नुकताच कारकून म्हणून कायम झालो होतो. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारे आम्ही दोघे भाऊच पहिले. बाबांचं सगळं आयुष्य मिलमध्ये उभ्यानं गेलं, आणि त्यांच्या लहानपणी घरात ज्वारीच्या कण्या शिजल्या तरी तो दिवस चांगला म्हणत. त्यामुळं मी नोकरीला लागून दीड-दोन वर्षांत माझ्या शर्टाची बटणं ताणू लागली, तेव्हा बाबांना जो आनंद झाला तो मी मॅट्रिक झालो तेव्हाही झाला नव्हता. ते मला मुद्दाम बरोबर घेऊन वस्तीतून हिंडत. मिलमधल्या जुन्या सोबत्यांपुढं उभं करत आणि स्वतः काही न बोलता बाजूला सरकत, म्हणजे समोरच्याला मी बाजूनंही दिसावा. अशा पोटाला ताई टेप लावून "जास्त आहे" म्हणाल्या. बाबा खाटेवर उठून बसले. "दोन पिढ्या उपाशी काढल्या, तवा कुठं घरात एक पोट आलं," ते म्हणाले, "अन् ताई म्हनते, वापस कर."

आईचा आक्षेप वेगळा होता. जिवंत माणसाला असं सारखं मोजू नये, वजन सांगू नये, नजर लागते, असं तिचं म्हणणं. बाबांनी तिला आठवण दिली की धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आपण हे सगळं सोडलं. आई म्हणाली, "देव सोडले म्हनून नजर थोडीच सुटते." ताईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. दीक्षेच्या वर्षी त्या स्वतः डॉक्टरी शिकत होत्या, वसतिगृहातून पांढरी साडी नेसून आईबापांबरोबर मैदानावर गेल्या होत्या, आणि श्रद्धा-अंधश्रद्धेवर त्यांना तासभर बोलता आलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या की नजरेनं वजन उतरत असेल तर माझ्या आईनं ती जरूर लावावी.

घरच्यांवर आणि नातेवाइकांवर अभ्यास भागेना, तेव्हा त्यांनी कळमेश्वरच्या नव्या कारखान्यांकडे मोर्चा वळवला. एका कारखान्याच्या मॅनेजरनं परवानगी दिली. एका सुटीच्या दिवशी सोबतीला म्हणून मी गेलो. एस.टी.त ताईंच्या मांडीवर काटा, माझ्या मांडीवर रक्ताच्या नळ्यांचा डबा. काट्याचं तिकीट घ्यावं लागेल असं कंडक्टर म्हणाला, मग त्याचं वय विचारलं गेलं, ते सत्तावीस निघालं, आणि तिकिटाचा विषय तिथंच संपला. कारखान्यात मात्र आमचं स्वागत अपेक्षेबाहेर चांगलं झालं. एरवी रक्त म्हटलं की पळणारे पोट्टे ओळीत उभे राहिले, कमरा पुढं करू लागले, एक-दोघांनी तर दंड आणि छातीही मोजून घ्या म्हणून आग्रह धरला. ताई भारावल्या. विज्ञानाबद्दलची ही आस्था शहरातल्या शिकलेल्यांत नाही, असं परतीच्या गाडीत मला म्हणाल्या.

महिन्यानं आम्ही पुन्हा गेलो तेव्हा फाटकातच एक धिप्पाड कामगार आडवा आला. त्याचा आवाज नम्र होता.

"बाई, प्यांटा कवा भेटन?"

ताईंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झालं होतं असं की टेप पाहून सगळ्या कारखान्यात कंपनी फुकट गणवेश शिवून देणार अशी बातमी पसरली होती. रक्त कशाला, यावर त्यांच्यात चर्चाही झाली होती, आणि कापडाच्या बदल्यात कंपनी काहीतरी घेणारच, असा निष्कर्ष निघाला होता. मला हसू आवरेना. ताई मात्र दिवसभर खिन्न होत्या. न सांगता आपण त्यांचं रक्त घेतलं, असं त्यांना वाटत राहिलं. पुढच्या सगळ्या ठिकाणी, मग तो आखाडा असो की वसतिगृह, त्यांचं पहिलं वाक्य ठरून गेलं: "मी शिंपी नाही." ऐकणाऱ्यांना या खुलाशाचं प्रयोजन कळत नसे. आणि त्या धिप्पाड कामगाराचं ब्लडप्रेशर भलतंच चढलेलं निघालं होतं. त्याला औषध चालू करून, दर महिन्याला त्याच्यासाठी त्या एस.टी.नं कळमेश्वरला जात राहिल्या, अगदी तो तिशी ओलांडून गेल्यावरही. हा नियमभंग त्यांच्या लक्षात आणून दिला तर विषय बदलत.

माझी पाळी बुद्धपौर्णिमेला आली. वर्षातून दोनदा माझी तपासणी होई आणि आजवर ती निर्धोक गेली होती. त्या वैशाखात मला तहान फार लागत असे, पण वैशाखात नागपुरात कुणाला तहान लागत नाही? घरात माठावर माठ रिकामे होत होते, त्यात माझा वाटा किती ते कोण पाहणार. पौर्णिमेच्या सकाळी सगळे विहारातून आले, स्वयंपाकघरात खिरीचं मोठं पातेलं एका स्टोव्हवर होतं. दुसऱ्या स्टोव्हवर ताईंनी चिमट्यात काचेची नळी धरली. नळीत त्यांचं निळं औषध आणि माझ्या लघवीचे थेंब. वहिनींनी नाकाला पदर लावून आपला निषेध नोंदवला. हा प्रयोग घरातल्यांनी इतकेदा पाहिला होता की नळी तापते, निळं पाणी निळंच राहतं आणि ताई नळी धुऊन टाकतात, हे आम्हाला पाठ होतं.

त्या दिवशी निळ्याचं हिरवं झालं. मग पिवळं झालं. मग भाजलेल्या विटेसारखा दाट रंग खालून वर चढत आला. आई खीर ढवळता ढवळता तिकडं पाहून म्हणाली, "रंग मस्त आला, ताई." ताई "हो" म्हणाल्या. त्यांनी स्टोव्ह बंद केला, नळी निवेपर्यंत हातात धरून बसल्या आणि मग रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. खीर वाढली तेव्हा माझ्या वाटीकडे त्यांनी एकदा पाहिलं. काही बोलल्या नाहीत. जाताना तेवढं मला म्हणाल्या की उद्या सकाळी काहीही न खातापिता दवाखान्यात ये.

रक्तानंही तेच सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि आमच्या घरातल्या बोलीत नाही, दवाखान्यातल्या भाषेत म्हणाल्या, "तुला साखर आहे." रक्त दिल्यावर आलेला चहाचा कप मी पुढं सरकवला, मला वाटलं चहात. मग समजलं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि कळमेश्वरच्या एका शाळामास्तरांच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं. गोळ्या, पथ्य, चालणं, सगळं ताईंनी एकेक करून समजावलं. मी मध्येच विचारलं, घरी कोण सांगणार? त्या म्हणाल्या, "रक्त तुझं आहे. सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, माझ्या बहिणीलासुद्धा."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं, कारण घरी गेल्यागेल्या आईनं राहिलेल्या खिरीची वाटी पुढं केली आणि ती नाकारायला मला दुसरं कारण सुचलं नाही. आईनं पहिला प्रश्न विचारला, बाहेर कोणाला माहीत झालं काय. पुढच्या रविवारी ताई आल्या, काटा ठेवला, तेव्हा बाबा खाटेवरून उतरून खाली जमिनीवर, त्यांच्यासमोर येऊन बसले.

"मी जास्त चारलं का त्याले, ताई?"

ताई टेप गुंडाळत होत्या, त्या थांबल्या. आजारपणाचं बोलायचं झालं की त्या पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी तसं बोलल्या नाहीत.

"पोराले पोटभर जेवू घातलं म्हनून कोणी गुन्हेगार होत नाही, बाबा. माह्या बापानंबी हेच केलं असतं. त्याच्याजवळ नव्हतं." मग टेप पुन्हा गुंडाळत म्हणाल्या, "आता जराक कमी. बस."

बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याबरोबर स्वतःच्याही चहातली साखर बंद केली. त्यांना कशाचीच गरज नव्हती, ते वाळक्या लाकडासारखे होते. पण एकट्या पोरानं फिका चहा प्यावा हे त्यांना पटेना.

लग्नाचं काय करायचं यावर घरात दोन रात्री कुणी नीट जेवलं नाही. लपवावं असं आईला वाटे, आणि त्यात तिची चूक नव्हती. शुगर निघाली म्हणून मोडलेली लग्नं तिनं पाहिली होती. शेवटी बाबा एकटेच एस.टी.नं कळमेश्वरला गेले, मास्तरांच्या ओसरीवर टोपी काढून बसले आणि जे होतं ते सांगून, पाणी पिऊन परत आले. मास्तर म्हणाले, विचार करून कळवतो. कळवतो म्हणणारी माणसं सहसा कळवत नाहीत. पण मास्तर चिकित्सक होते. मुलाच्या वहिनीची बहीणच डॉक्टर आहे असं कळल्यावर ते थेट रामदासपेठेत ताईंच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, साखर थोडी आहे की पुष्कळ आहे. ताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आपण कुणाबद्दलच काही सांगत नाही. मास्तर म्हणाले, अहो, मुलाच्या वडलांनी स्वतः येऊन सांगितलं आहे. ताई म्हणाल्या, मग त्यांनाच विचारा. मास्तर तणतणत गेले. अशी डॉक्टरीण आणि अशी सोयरीक दोन्ही नको, असं त्यांनी घरी जाऊन जाहीर केल्याचं आमच्या कानावर आलं.

पुढचं मला कुसुमनं सांगितलं, म्हणजे मास्तरांच्या मुलीनं. ती मैत्रिणीकडे जाते म्हणून घरातून निघाली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं ताईंकडे आली. ताईंनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वय विचारलं. तेवीस. सकाळपासून काय खाल्लं? धास्तीनं तिनं काहीच खाल्लं नव्हतं. ताई म्हणाल्या, "बरं झालं." पाच मिनिटांत कुसुमचं वजन झालं, घेर झाला, रक्त निघालं आणि तिच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा पेला आला. आता दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, तोवर बसून राहायचं. कुसुम बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "एखाद्या मानसाले सत्ताविसाव्या वर्षी शुगर निघाली, तं काय होते?"

"कुणाला?"

"कोणालेबी."

"कुणालाही असेल तर सांगता येतं," ताई म्हणाल्या, आणि उरलेला सगळा वेळ त्या अशा कुठल्याही माणसाबद्दल बोलत राहिल्या. काहीही झाकलं नाही. डोळे जाऊ शकतात, पाय जाऊ शकतो, छातीचं दुखणं लवकर येऊ शकतं, हे सांगितलं. नीट खाल्लं, चाललं, गोळ्या घेतल्या तर यातलं काहीच न होता माणूस नातवंडं खेळवतो, हेही सांगितलं. यातलं कोणतं होईल ते कुणी डॉक्टर छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नको, म्हणाल्या. शेवटी कुसुमनं विचारलं, "तुमच्या बहिनीले असं ठिकान आलं असतं, तं तुमी दिली असती काय?"

ताईंनी घड्याळ पाहिलं. "मी तिलाच विचारलं असतं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे तुमी मलेच विचारून राहिल्या."

"मी कुणालाच काही विचारत नाही. हात पुढं कर, दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं आहे."

कुसुम घरी गेली आणि तिनं वडलांना सांगितलं की तिला हेच स्थळ हवं आहे. मास्तरांनी कारणं विचारली. ती म्हणाली, बाकीच्या मुलांचं काय निघेल ते कुणाला ठाऊक आहे? यांचं निदान मोजून झालं आहे. मास्तर गणित शिकवत. त्यांना या युक्तिवादात खोट काढता आली नाही. लग्न त्याच वर्षी लागलं. पंगतीत ताई त्यांच्या नेहमीच्या जागी, कडेला उभ्या न राहता माझ्या शेजारी पाटावर बसल्या. माझ्या पानात कुणी संत्रा बर्फी वाढली की ती उचलून त्या स्वतः खात. वाढप्यांना वाटलं, डॉक्टरीणबाईंना बर्फी फार आवडते. त्यांनी माझ्या पानात वाढतच नेली.

लग्नानंतर पहाटे मी आणि कुसुम सक्करदऱ्याच्या तलावाला चक्कर मारू लागलो. सुरुवातीचे महिने ताई रामदासपेठेतून रिक्षा करून येत आणि आमच्यापुढं झपाझप चालत. वस्तीतले लोक म्हणत, या घरात काही भांडण झालंय, डॉक्टरीण रागानं निघाली की ही दोघं तिला परत आणायला मागं धावतात. बाबाही कधी कधी येत. त्यांना माझं पोट उतरत गेलेलं दिसत होतं, आणि ते पाहून त्यांना आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे शेवटपर्यंत त्यांचं ठरलं नाही.

ताईंनी आपला अभ्यास पुरा करून बाहेरगावच्या एका परिषदेत वाचला. त्यांना जेवणाच्या सुटीआधीची वेळ मिळाली होती. ऐकणाऱ्यांचं लक्ष दाराकडं होतं. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी उठून सांगितलं की हा श्रीमंतांचा आणि वयस्कांचा रोग आहे. कामगार वस्तीतल्या तरुणांत तो निघाला असेल तर मोजण्यातच चूक झाली असणार. परत आल्यावर ताईंनी हे आम्हाला कुठलाही राग न धरता सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "काही नाही. व्यासपीठावरून मला पहिल्या दोन रांगांचे घेर दिसत होते." त्यानंतर त्यांनी तो अभ्यास छापायला कुठं पाठवला, कुठून परत आला, हे त्या सांगत नसत. काही वर्षांनी त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली, आईची सेवा केली, तिला पोचवलं, आणि त्या आमच्या वस्तीशेजारीच राहायला आल्या. गुडघे धरले होते. मोजणं थांबलं होतं. आम्ही कुणी त्याबद्दल विचारत नव्हतो.

मागच्या उन्हाळ्यात रामदासपेठेतल्या एका सभागृहात व्याख्यान होतं. तरुणांमधला लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार असा विषय. वक्ता बाहेर शिकून आलेला तिशीतला डॉक्टर होता. ताई म्हणाल्या, जाऊ या. आम्ही मागच्या रांगेत बसलो. मुलगा चांगला बोलला. पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. आपल्याकडे हे रोग लवकर येतात, पोटाचा घेर वजनापेक्षा जास्त सांगतो, आणि गरीब वस्त्याही यातून सुटलेल्या नाहीत, असं त्याच्या पाहणीत निघालं होतं. शेवटी खेदानं तो म्हणाला की आपल्या या भागात तरुणांकडे आजवर कुणी पाहिलेलंच नाही. मी उठायला लागलो. ताईंनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही सापडलं नाही. त्या त्याच्या शेवटच्या आलेखाकडे पाहत होत्या, आणि शाळेत आपल्या मुलाचा नंबर फळ्यावर वाचणारी बाई पाहते तशा पाहत होत्या.

टाळ्या झाल्या, लोक पांगले. ताई हळूहळू, खुर्च्यांच्या पाठी धरत पुढं गेल्या. मी मागं होतो. त्या मुलाला म्हणाल्या, फार छान काम केलंत. तो संकोचला, बसायला खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"मुलं उपाशीपोटी बोलावता, ती दुसऱ्या खेपेला येतात का?"

तो म्हणाला, हीच तर अडचण आहे, निम्मीसुद्धा येत नाहीत.

"रक्त घेतल्यावर त्यांना खायला देता?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"देत जा. पोहे, उसळ, काहीही. पोट भरून द्या. कामावर जायचं असतं त्यांना. मग येतात."

त्यानं ते खरोखरच कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, तुम्ही या क्षेत्रात होता का?

"नाही तसं," ताई म्हणाल्या. "माझ्या ओळखीत काही मुलं होती."

आम्ही बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. त्या मुलांपैकी एक, म्हणजे मी, कानांवरचे केस पिकलेला, चाळिशी उलटून गेलेला, त्यांच्या डोक्यावर छत्री धरून रिक्षा येण्याची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी एकदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं, पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे, आणि मग रस्त्याकडे पाहू लागल्या.